कुंडीतली माती 'म्हातारी' होते का?

खुरपेबहाद्दर
नमस्कार मंडळी,
गच्चीवर २२ कुंड्या आहेत. ३ वर्षांपूर्वी सगळ्या एकाच दिवशी, एकाच मिश्रणाने भरल्या: बागेतली माती, कोकोपीट आणि गांडूळखत समसमान. निचरा व्हावा म्हणून तळाशी विटांचे तुकडे आणि खडी, चांगला दोन बोटं थर. पहिल्या वर्षी काय बहर होता! दुसरं वर्षही बरं गेलं. यंदा मात्र सगळ्यांनी संप पुकारलाय.

माती चार बोटं खाली बसली आहे. पाणी घातलं की पाच सेकंदांत खालच्या भोकातून बाहेर, आणि तरी दुपारी झाडं माना टाकतात. जास्वंदीची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. कुंडीच्या काठाला पांढरी खपली.

आतापर्यंत घातलेल्या वस्तू: गांडूळखत (पुन्हा), हाडांचा चुरा, अंड्याची टरफलं, एप्सम सॉल्ट, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं रासायनिक खत), ह्युमिक अ‍ॅसिड, समुद्री शेवाळाचा अर्क आणि एका नातेवाइकांच्या आग्रहावरून गंजके खिळे.

तर प्रश्न असा की माती म्हातारी होते का? सगळी फेकून नवी भरू?

उगाचच
यादी वाचून वाटलं, झाड नाही, अतिदक्षता विभागातला पेशंट आहे. खिळे मातीत घातले की खोडात ठोकले?

खुरपेबहाद्दर
मातीत. आणि 'ह.घ्या.' (हलके घ्या) लिहायला विसरलात.

शंकासुर
+१. सेम टू सेम परिस्थिती. वाचतोय.

ढेकूळ
फेकू नका हो!

चांगल्या मातीचं एक ढेकूळ हातात घ्या (माझं नाव उगाच नाही). त्यात माती निम्मीच असते. साधारण ४५ टक्के खनिज कण, ५ टक्क्यांच्या आसपास सेंद्रिय पदार्थ, तेही नशीब चांगलं असेल तर. उरलेला अर्धा भाग म्हणजे पोकळी. पाणी घातलं की ती भरते, मग मोठ्या भोकांतलं पाणी खाली उतरतं आणि तिथे हवा शिरते. बारीक भोकांत पाणी टिकून राहतं. शेतकरी ज्याला 'वाफसा' म्हणतात ती हीच अवस्था. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, बोटाने टिचकी मारली तर फुटतो. मुळं पाणी पितात हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती श्वासही घेतात हे विसरायला होतं.

आता तुमची यादी परत वाचा. ३ वर्षं तुम्ही त्या भरीव अर्ध्या भागात भर घालताय. पोकळीसाठी काय केलंत? कोकोपीट हळूहळू कुजलं, गांडूळखत तर कधीच संपलं, बारीक कण मोकळ्या जागांत जाऊन बसले. माती चार बोटं बसली म्हणजे तेवढी हवा गेली.

आणि पाणी पाच सेकंदांत बाहेर येतं तो निचरा नव्हे. कोकोपीट पूर्ण वाळलं की आकसतं आणि लवकर ओलं होत नाही. गोळा कुंडीच्या भिंतीपासून सुटतो आणि पाणी त्या फटीतून थेट खाली पळतं. पाणी घातल्यावर मधोमध बोट खुपसून बघा. कोरडं लागेल अशी पैज.

दोन कामं करा. एक कुंडी उपडी करून आतलं दृश्य इथे लिहा, आणि बरणीचा प्रयोग करा.

खुरपेबहाद्दर
बोट खुपसलं. वरून ओलं, दोन पेरं खाली राख! पैज जिंकलात. बरणीचा प्रयोग म्हणजे?

ढेकूळ
उभ्या, सपाट बुडाच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती. खडे, मुळं काढून. वर पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, झाकण लावून पाच मिनिटं जोरात हलवायची आणि ठेवून द्यायची. मिनिटभरात खाली बसते ती वाळू. पुढच्या दोनेक तासांत बसतो तो पोयटा. चिकणमाती बसायला एक-दोन दिवस लागतात. वर तरंगतो तो सेंद्रिय ऐवज. बरणीवर पेनाने खुणा करा आणि पट्टीने थर मोजा.

मातीमोल
बाकी सगळं ठीक, पण खडीबद्दल कोणी काही बोललं नाही ते बरं झालं. तळाशी खडी हवीच. माझ्या घरात ती तीन पिढ्या घालतात.

पानगळ
मातीमोल, मी बोलते. खडीने निचरा सुधारत नाही, बिघडतो.

बारीक भोकांची माती पाणी स्पंजासारखं धरून ठेवते. खाली मोठ्या भोकांची खडी असली तर पाणी तिच्यात सहज उतरत नाही. वरची माती काठोकाठ भिजेपर्यंत ते सीमेवरच थबकतं. म्हणजे चिखलाचा थर कुंडीच्या बुडाशी असायचा तो दोन बोटं वर, मुळांच्या आणखी जवळ आला. आणि कुंडीतली तेवढी उंचीही वाया.

खोटं वाटत असेल तर भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण बुडवा आणि आडवा धरा. ठिबकणं थांबलं की त्याच्या छोट्या बाजूवर उभा करा. काय होतं ते सांगा.

मातीमोल
शाळेतले प्रयोग राहू द्या. तीन पिढ्या चुकल्या का?

उगाचच
तीन पिढ्यांची झाडं कुठे आहेत आता?

मातीमोल
@उगाचच, तुमच्या नावाला जागलात.

भूस्तर
मातीचा विषय निघाला आणि आम्ही गप्प बसायचं म्हणजे अन्याय. आयुष्यभर दगड शिकवले, निवृत्तीनंतर कुंड्या.

ढेकूळ यांनी वाळू, पोयटा, चिकणमाती असे तीन थर सांगितले. फरक आकाराचा: वाळू २ मिलिमीटरपासून ०.०५ पर्यंत, पोयटा ०.००२ पर्यंत, त्याखाली चिकणमाती. पण बहुतेकांना वाटतं की दगड दळत गेला की आधी वाळू, मग पोयटा, शेवटी चिकणमाती. पहिले दोन बरेचसे तसेच, दगडाचा चुरा. तिसरीची गोष्ट निराळी.

ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार हे खनिज घ्या. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, सौम्य आम्ल होतं. मातीतली मुळं आणि जिवाणू श्वासावाटे त्यात आणखी भर घालतात. ते आम्ल फेल्डस्पारमधलं पोटॅशियम सोडवून नेतं, आणि मागे उरलेल्या सिलिका-अ‍ॅल्युमिनापासून केओलिनाइटसारखं नवंच खनिज घडतं. तीच चिकणमाती. बेसॉल्टपासून, पाऊस बेताचा आणि निचरा कमी असेल तर, पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी काळी माती होते.

या चपट्या पापुद्र्यांचं पृष्ठफळ अफाट. फुगणाऱ्या चिकणमातीच्या एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर. शिवाय पृष्ठभागावर ऋणभार. त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, अमोनियम हे धनभारित पाहुणे तिला चिकटून राहतात आणि मुळांना सावकाश मिळतात. नायट्रेट ऋणभारित, त्याला कोणी धरत नाही, ते पाण्याबरोबर भोकातून बाहेर. वाळूच्या हाती यातलं काहीच लागत नाही. म्हणून नुसत्या वाळूत झाड पोसायचं तर रोज खत वाढावं लागतं. चिकणमाती आणि ह्यूमस (पूर्ण कुजलेला सेंद्रिय पदार्थ) म्हणजे घरातलं कोठार.

हान्स येनी यांनी १९४१ मध्ये माती घडवणारे पाच घटक मांडले: हवामान, सजीव, भूरूप, मूळ खडक आणि काळ. एकेक सेंटिमीटरला शतकं लागतात, कुठे हजार वर्षंही. तेव्हा 'फेकून देऊ का' हे वाक्य आमच्यासमोर उच्चारू नये.

शंकासुर
भूस्तर काका, एवढं सोपं आम्हाला कॉलेजात कोणी सांगितलं नाही. वाचनखूण साठवली.

एक शंका. माझी माती चिकट आहे. वाळू मिसळली की मोकळी होईल ना?

ढेकूळ
थोडी वाळू मिसळलीत तर वीट होईल. चिकण कण वाळूच्या कणांमधल्या जागा लिंपून टाकतात. खरा परिणाम दिसायला निम्म्याहून जास्त वाळूच घालावी लागते. त्यापेक्षा कुजलेलं कंपोस्ट घाला. *कुजलेलं*, हा शब्द अधोरेखित.

सावली
अधोरेखितला जोरदार अनुमोदन. मी एकदा मोकळी माती करण्याच्या नादात ताजा लाकडी भुसा मिसळला. महिन्याभरात वाफा पिवळाधमक. भुशात कार्बन भरमसाट, नत्र नावालाच. तो कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचं अंग वाढवायला नत्र लागतं, ते त्यांनी मातीतून ओढून घेतलं. झाडं ताटकळत बसली. वर नुसता पसरला असता तर चाललं असतं, मी मात्र खुरप्याने छान कालवला होता. पुढच्या हंगामात तोच वाफा झकास झाला म्हणा, जिवाणू मेले आणि घेतलेलं परत केलं.

खुरपेबहाद्दर, तुमच्या पिवळ्या पानांबद्दल. *कुठलं* पान पिवळं हे बघायचं. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं आधी जातात. लोह असं हलवता येत नाही. कमी पडलं की शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. तुमचं वर्णन हुबेहूब तेच. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम, ते इथे निरुपयोगी.

खुरपेबहाद्दर
म्हणजे लोह कमी! मग खिळे बरोबरच होते की! नातेवाईक जिंकले!!

सावली
थांबा, त्यांना फोन लावू नका. मातीत लोह बहुधा भरपूर असतं, तांबडा रंग त्याचाच. पण सामू (पीएच, आम्ल-अल्कतेचं माप) ७.५ च्या वर गेला की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकतं. तिजोरी भरलेली आहे, किल्ली हरवलीय, आणि तुम्ही वरून आणखी दागिने टाकताय.

सामू का चढला? ती पांढरी खपली बघा. पाणी जड असणार. रोजच्या पाण्यातले क्षार पाणी उडून गेल्यावर कुंडीतच राहतात, ३ वर्षांचे साठलेत. शिवाय न संपलेल्या खतांचे क्षार. हाडांचा चुरा आणि टरफलंही त्याच दिशेने ढकलणारी, टरफलं फार सावकाश का असेना. खपलीवर व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसलं तर चुनखडी.

शंकासुर
मग व्हिनेगरच ओतलं तर? सामू खाली!

सावली
दोन दिवस खाली, मग चुनखडी त्याला खाऊन टाकते आणि पुन्हा जैसे थे. मुळं भाजतील ती वेगळी. गंधकाची पूड हळू पण टिकाऊ. जिवाणू त्याचं आम्ल करतात, त्याला आठवडे-महिने लागतात. तोवर पानं सावरायला चिलेटेड लोह (सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेलं, म्हणून विरघळलेलं राहणारं), आणि तेही ईडीडीएचए प्रकारचं. साधं ईडीटीए चढ्या सामूत टिकत नाही.

हिरवा_कंदील
मूळ मुद्दा राहिला बाजूला. १९:१९:१९ घातलंत तिथेच माती मेली. रासायनिक खत म्हणजे विष. एवढी साधी गोष्ट आहे.

अनवट
झालं सुरू.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात एका शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. काही पट्ट्यांत फक्त रासायनिक खत, काहींत फक्त शेणखत, एकात काहीच नाही. रासायनिक पट्टे दीडशेहून अधिक वर्षं पीक देताहेत, शेणखताच्या तोडीस तोड. तेव्हा 'मेली' हे फार झालं.

हिरवा_कंदील
आणि सेंद्रिय कर्ब (मातीतल्या सेंद्रिय पदार्थातला कार्बन)? ते सोयीस्कर विसरलात?

अनवट
विसरलो नाही, तुम्ही मध्येच तोडलंत. शेणखताच्या पट्ट्यात सेंद्रिय कर्ब रासायनिकच्या दुपटीहून जास्त आहे, आणि ती माती मशागतीला मऊ. म्हणजे झाडाला नायट्रेट कुठून आलं याचं सोयरसुतक नाही, मातीला मात्र आहे. खताने झाड जेवतं. जिवाणूंना, बुरशींना कार्बन लागतो, तो गोणीतून येत नाही. दोघांचंही पोट बघा एवढंच म्हणणं.

हिरवा_कंदील
हे आधी म्हणाला असतात तर वाद झाला नसता.

उगाचच
मग धागा कसा वाढला असता?

गांडूळमित्र
एवढे प्रतिसाद आणि गांडुळाचं नाव फक्त खतापुरतं! निषेध.

डार्विनने १८४२ मध्ये घराजवळच्या एका कुरणावर खडूच्या दगडाचे तुकडे पसरवले आणि वाट बघत बसला. थोडीथोडकी नाही, २९ वर्षं. १८७१ मध्ये चर खणला तर पांढरी रेघ जमिनीखाली ७ इंचांवर. गांडुळांनी खालची माती आणून वर टाकली होती, थेंबे थेंबे. हाच माणूस गांडुळांना पियानो ऐकवायचा. हवेतून येणाऱ्या सुराकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही, बसूनही पाहिलं, पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवल्याबरोबर सुर्रकन बिळात. कान नाहीत, पण कंप कळतो.

सांगायचं हे की नांगर, कुदळ न लावता मातीत भोकं पाडणारी यंत्रणा फुकट उपलब्ध आहे. वर पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा आणि सारखी उकरू नका.

भूस्तर
"बसूनही पाहिलं" म्हणजे बसूनवर, बसून या वाद्यावर का? क्षणभर वाटलं गांडूळ बसून ऐकत होतं.

गांडूळमित्र
हो हो, 'बसून' नावाचं फुंकवाद्य. मुलगा वाजवायचा. वाक्य घसरलं, माफी.

चिखल्या
मातीचं आरोग्य मोजायची सगळ्यात स्वस्त पद्धत कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. शंभर टक्के सुती पांढरी चड्डी सहा-आठ इंच खोल पुरायची आणि दोन महिन्यांनी उकरायची. माती जिवंत असेल तर फक्त इलास्टिक उरतं. मेलेली असेल तर धुऊन वापरता येते. थट्टा नाही, शेतीतज्ज्ञही शेतकऱ्यांना हा प्रयोग करायला सांगतात. सुताचं सेल्युलोज खाणारे किती आहेत ते कळतं.

उगाचच
नवी की वापरलेली?

चिखल्या
तुमच्या श्रद्धेवर आहे. मी आजच एक आंब्याखाली आणि एक उघड्या, तुडवलेल्या पायवाटेच्या कडेला पुरली. शेजारी बघत होते. काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

मातीमोल
स्पंजाचा प्रयोग केला.

आडवा धरल्यावर थेंब थांबले. उभा केला तर भळकन आणखी अर्धी वाटी पाणी. तीनदा करून बघितलं, बायकोने विचारलं काय चाललंय. म्हणजे उंची वाढली की निचरा वाढतो आणि तळाशी तेवढाच ओला थर राहतो, बरोबर? पानगळ, पटलं. भोकावर आता जाळीचा तुकडा ठेवीन. तीन पिढ्यांना मी समजावतो.

खुरपेबहाद्दर
मंडळी, कुंडी उपडी केली.

जास्वंदीची, सगळ्यात मोठी. पत्र्याच्या डब्यातून निघावा तसा अख्खा गोळा निघाला. वरचे दोन तृतीयांश विटकरी, कोरडं, नखाने खरवडलं तर भुकटी. मुळं त्यात फारशी नाहीतच. सगळी बाहेरून, भिंतीलगतच्या फटीत गोल गोल वेढे घालून, जणू सुतळीचं भेंडोळं. आणि खडीच्या वर चार बोटं जाडीचा थर काळपट करडा, गुळगुळीत, सडक्या अंड्यांचा वास. तिथली मुळं तपकिरी, ओढली की साल हातात आणि आत दोऱ्यासारखा गाभा.

एकाच कुंडीत वर दुष्काळ आणि खाली दलदल! आणि मी रोज सकाळी दोन्हींत भर घालत होतो.

खपलीवर व्हिनेगर: फसफसलं. बरणी: खाली वाळू ४ सेंमी, मग पोयटा २.५, चिकणमाती अजून पूर्ण बसली नाही, कालपासून पाणी गढूळच आहे. वर कोकोपीटचा पातळ तवंग. एक खिळा सापडला, जसाच्या तसा.

भूस्तर
करड्या थराचा खुलासा: हवा संपली की जिवाणू श्वासासाठी दुसरा मार्ग शोधतात. लोहाचं तांबडं रूप वापरलं की रंग करडा होतो, सल्फेट वापरलं की अंड्याचा वास. ते ढेकूळ उघड्यावर ठेवा, काही दिवसांत कडांना तांबूस छटा येईल.

ढेकूळ
आता कामाला लागा. करडा थर पसरून सुकवा, वास जाईपर्यंत. कोरडा भाग टबात बुडवून बुडबुडे थांबेस्तोवर ठेवा. मग सगळी माती फोडून चाळा, तिसरा हिस्सा कुजलेलं कंपोस्ट आणि थोडा जाडसर ऐवज, भाताची तुसं किंवा परलाइट (भाजून फुलवलेल्या ज्वालामुखी काचेचे हलके दाणे). खडीला निरोप. सडलेली मुळं कापा, वेढे सोडवा. वर पाचोळा. महिन्यातून एकदा भरपूर पाणी घालून क्षार धुऊन काढा, शक्यतो पावसाच्या पाण्याने. आणि दोन महिने *काहीही* घालू नका.

खुरपेबहाद्दर
लोहसुद्धा?

सावली
ते एकदा चालेल. बाकी कपाट बंद.

पानगळ
अवांतर: पहिल्या पावसाचा जो वास येतो त्यात जिओस्मिन नावाचा रेणू असतो, मातीतले स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू तो बनवतात. १९६४ मध्ये त्या वासाला 'पेट्रिकोर' असं नाव मिळालं. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिनही याच कुळातल्या जिवाणूकडून, १९४३ मध्ये. मी नवी माती घेताना आधी हुंगते. दुकानदार विचित्र बघतात.

चिखल्या
चड्डी पुरून आलेल्या माणसासमोर हे सांगू नका.

खुरपेबहाद्दर
दोन महिन्यांनी धागा वर काढतोय.

२२ पैकी १४ कुंड्या झाल्या, पाठ कामातून गेली. दोन झाडं दगावली, मुळं उरलीच नव्हती. जास्वंदीने आधी होती तीही पानं टाकली, मी धागाकर्ता म्हणून तोंड लपवून बसलो होतो. गेल्या आठवड्यात खोडावर सहा फुटवे दिसले. पानं नखाएवढी, पण पूर्ण हिरवी. पाणी आता कुंडीत वर थोडं थांबतं, मग सावकाश आत जातं. खालून यायला मिनिटभर लागतं. उरलेल्या आठ पुढच्या रविवारी.

नातेवाइकांना खिळा परत केला.

चिखल्या
मीही आज उकरलं. आंब्याखालची: इलास्टिक आणि शिवणीचा पॉलिएस्टर दोरा, बाकी शून्य, मध्ये एक गोगलगाय. पायवाटेची: डाग पडलेत, पण अख्खी. फोटो टाकू?

शंकासुर
नको!!

मातीमोल
टाका.